क्लेमची भिंत

भिंतीवर बाहेरून तीन थापा पडल्या. तीन म्हणजे चहा. दोन म्हणजे सॉसेज झाले का, आणि एकच जोरात पडली तर कोणीतरी शिडीवरून खाली आलं.

नोलीनने किटली उचलली, स्वयंपाकघरातला दिवा तसाच चालू ठेवला आणि मागच्या दाराने निघून, कोंबड्यांच्या खुराड्याला वळसा घालून ती घराच्या पूर्वेच्या अंगाला आली. आत दिवा लावल्याशिवाय साखर कुठली नि मीठ कुठलं ते कळत नव्हतं, आणि बाहेर डोळे उघडवत नव्हते इतकं ऊन होतं. दोघं शिड्यांवर, चौघं खाली गवतात, आणि सगळ्यांच्या अंगावर, कुत्र्याच्यासुद्धा, पांढरे ठिपके.

"खिडकी असती तर आतूनच हातात दिला असता," कप भरता भरता ती म्हणाली.

"खिडकी असती तर आम्ही रंगवलं काय असतं?" शिडीवरून डॅरिल म्हणाला.

हे ती दर वर्षी म्हणायची. डॅरिल दर वर्षी हेच उत्तर द्यायचा. त्याच्या आधी त्याचा बाप द्यायचा. सगळे हसायचे. मग सॉसेज.

"क्लेम असता तर अजून एक हात मारला असता," गवतात बसलेला विल्फ म्हणाला. बोटवाल्यांत तो सगळ्यांत म्हातारा. तो रंगवायचा नाही. चहा प्यायचा आणि क्लेम असता तर काय झालं असतं ते सांगायचा.

"क्लेम असता तर तुला उठवलं असतं," नोलीन म्हणाली.

आमच्या मिंडारा खाडीत मासेमारीचा मोसम सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी बोटवाले ही भिंत रंगवतात. समुद्रावरून परत येताना खाडीच्या तोंडाशी एका बाजूला वाळूचा दांडा आहे, दुसऱ्या बाजूला जुन्या बंधाऱ्याचे दगड. मधून वाट. ती सापडायची तर समोरच्या उचलत्या पुलाचे दोन मनोरे बघायचे, आणि त्यांच्या बरोबर मध्ये, मागच्या टेकडीवर, नोलीनच्या घराची पांढरी भिंत धरायची. डाव्या मनोऱ्याने भिंत खाल्ली की तुम्ही दांड्यावर, उजव्याने खाल्ली की दगडांवर. पूर्वी खुणा पुष्कळ होत्या. चर्चचं टोक होतं, ते वादळात गेलं. साखर कारखान्याचं धुराडं होतं, ते कारखान्याबरोबर गेलं. त्याही आधीपासून इथल्या मूळ लोकांचा, म्हणजे आमच्या आंटी रोमाच्या लोकांचा, थोरला वड होता. तो कोणीतरी टेनिस कोर्टासाठी तोडला, आणि आता तिथे कोणी टेनिसही खेळत नाही. राहिली ही भिंत.

घर नोलीनच्या आईचं. भिंतही अर्थात तिचीच. पण नोलीनशी लग्न झाल्यावर सासूवर छाप पाडायला क्लेमने भिंतीला पहिल्यांदा पांढरा रंग दिला, आणि त्याच आठवड्यात समुद्रावरून येणाऱ्या कोणाच्या तरी लक्षात आलं की मनोऱ्यांच्या मध्ये काय झक्क दिसतंय. तेव्हापासून ती क्लेमची भिंत. पबमध्ये खाडीचा हाताने काढलेला नकाशा लावलाय, त्यावरही तसंच लिहिलंय. पबचं दार उघडलं की पहिल्यांदा तोच दिसतो.

नोलीनच्या आईने त्या बाजूला खिडकी ठेवली नव्हती ती खाऱ्या वाऱ्याच्या भीतीने. नोलीनला वाऱ्याची भीती नव्हती. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिने क्लेमकडे खिडकी मागितली होती. तो बिचारा तयारही झाला. आतल्या बाजूने पेन्सिलीने चौकोन आखून दिला, ओट्याच्या वर, तिच्या खांद्याच्या उंचीला. मग त्या हिवाळ्यात मोठं वादळ झालं. क्लेमची आणि आणखी दोन बोटी, पावसाच्या पडद्यातून दिसणाऱ्या तेवढ्या पांढऱ्या डागावर आत आल्या. क्लेम ओल्या कपड्यांनी स्वयंपाकघरात उभा राहिला, फरशीभर पाणी केलं, आणि घोड्याच्या मानेवर थोपटावं तसं त्याने भिंतीला आतून थोपटलं. नोलीनने ते पाहिलं आणि टॉवेल आणायला गेली. खिडकीचा विषय तिथे संपला.

पेन्सिलीच्या चौकोनावर तिने मच्छीमार सोसायटीचं कॅलेंडर टांगलं. त्यात मार्चच्या पानावर पूल असायचा. मार्च संपला तरी ती पान उलटायची नाही. गावातली सगळ्यांत चांगली जागा या घराची, असं गावात येणारा प्रत्येक जण म्हणायचा, आणि ती त्या जागेत भिंतीकडे तोंड करून बटाटे सोलायची.

क्लेम गेला तो बोटीवर नाही. क्लबात बोलिंग खेळताना, चेंडू टाकायला वाकला तो वाकलाच. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मुलगी ब्रिस्बेनला. नोलीन सोसायटीच्या दुकानात काउंटरमागे मासे आणि चिप्स तळते, आंटी रोमाबरोबर. दुकान धक्क्यावर आहे खरं, पण त्याचं तोंड मोटारी लावायच्या जागेकडे.

तर त्या वर्षी पुलाचं निघालं. वरच्या अंगाला काँक्रीटचा नवा पूल होऊन वाहता झाला होता, आणि जुना आता काढून टाकायचा, लाकूड कुजलंय, खर्च परवडत नाही, असं वरून कळलं. गावात एकदम पुलाबद्दल प्रेम उसळलं. जी माणसं पूल उचलला की मोटारीत बसून शिव्या द्यायची, तीच आता 'आमचा पूल' लिहिलेले सदरे घालून हिंडायला लागली. समिती झाली. सभा ठरली. आणि समितीने ठरवलं की सभेत नोलीनने बोलायचं. कारण पूल आणि भिंत मिळूनच ती खूण. पूल नुसता जुना नाही, तो अजून कामाचा आहे, बोटी अजून त्यावर घरी येतात, हे भिंतीच्या बाईने सांगितलं तर वजन पडेल.

"मला कुठे बोलता येतं?" नोलीन म्हणाली.

"काउंटरवर तर थांबत नाहीस," डॅरिल म्हणाला.

सभेच्या आधी जुन्या वास्तू जपणाऱ्या वारसा खात्याची एक बाई सिडनीहून पाहणीला आली. मिरांडा तिचं नाव. तरुण, पायात चांगले बूट, भाषा नम्र. तिने पुलाचे फोटो काढले, भिंतीचे काढले, आणि चहाला म्हणून नोलीनच्या मागोमाग आत आली.

"तुमच्या स्वयंपाकघरातून तर काय दिसत असेल!"

"बघा की," नोलीन म्हणाली आणि दिवा लावला.

मिरांडाने कॅलेंडरकडे पाहिलं. मग ओट्याकडे, मग परत कॅलेंडरकडे. तिला हसावं की नाही ते कळेना, म्हणून ती हसली नाही.

"तुम्हाला कधी वाटलं नाही, इथे खिडकी असावी?"

नोलीन किटलीला हात लावून उभी राहिली. इतक्या वर्षांत हे तिला कोणी विचारलं नव्हतं. ती सांगायची, लोक हसायचे. पण विचारलं कोणी नव्हतं.

"साखर किती?" ती म्हणाली.

त्या दिवशी तिने चिप्सचे दोन घाणे जाळले. रोमाने ते मुकाट्याने कचऱ्यात टाकले. तिसरा जळायला लागला तेव्हा तिने शेगडीच बंद केली.

"बोल."

"पूल काढला तर मनोरे जातील," नोलीन म्हणाली.

"जातील."

"मनोरे गेले तर भिंतीला काही अर्थ नाही. नुसती भिंत."

"बरं."

"मग तिला खिडकी पाडता येईल."

रोमाने झारा खाली ठेवला. "म्हणजे अख्खं गाव पूल वाचवायला निघालंय, आणि तुला तो जायला हवाय. खिडकीसाठी."

"मी असं म्हटलं नाही."

"तोंडाने नाही म्हटलंस. आणि सभेत भाषण कोण करणार?"

"मी."

"मला पुढच्या रांगेत जागा धर," रोमा म्हणाली. मग जरा वेळाने, मासा पिठात घोळवता घोळवता म्हणाली, "आणि पूल गेल्यावर खिडकीतून बघणार काय गं तू? भोक?"

नोलीनने शेगडी पुन्हा पेटवली. त्याच पुलावरून ती शाळेत गेली होती. मनोऱ्यांवर बसणारे पाणकावळे तिला आवडायचे. पूल जावा असं तिला वाटत नव्हतं. तिला तो बघायचा होता, बस. आणि पूल राहिला की भिंत राहणार, भिंत राहिली की पूल दिसणार नाही, या चक्रात तिचे ते दिवस गेले. मुलीला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "मॉम, दिवा चांगला बसवून घे ना, हल्ली पांढरे मिळतात."

सभेला हॉल भरला होता. मागे लोक उभे होते. समितीचे लोक बोलले, शाळेचे मास्तर बोलले, एकाने पुलावर केलेली कविता वाचली ती बरीच लांब होती. मग नोलीनला बोलावलं. तिने चर्चला घालायचा निळा झगा घातला होता आणि हातात काही लिहून आणलं नव्हतं.

"पूल राहावा," ती म्हणाली. टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, झालं. ती खाली बसेना. "पूल राहावाच. पण मला खिडकी पाहिजे."

कोणीतरी हसलं. नेहमीसारखं.

"हसू नका. मी दर वर्षी सांगते आणि तुम्ही हसता. तो विनोद नव्हता. मी भर दुपारी दिवा लावून कांदा चिरते. तुमच्या बोटी मला प्याऱ्या आहेत, क्लेमही प्यारा होता, पण तुम्हाला वाट दिसावी म्हणून मी माझं सगळं आयुष्य भिंतीकडे बघण्यात घालवलं. आता दुसरं काहीतरी शोधा. दिवा लावा, खांब उभा करा, मी जागा देते अंगणात. मला खिडकी पाहिजे."

डॅरिल पहिल्या रांगेत होता. त्याचे कान लाल झाले.

"अगं नोल," तो उठून म्हणाला, "त्या भिंतीवर आता कोणी येत नाही."

"म्हणजे?"

"सगळ्यांच्या बोटीत जीपीएसचे पडदे आहेत. नकाशा दिसतो त्यात, दांडा दिसतो, सगळं दिसतं. माझ्या बापानेच शेवटी बसवून घेतला होता. भिंतीकडे कोण बघतंय?"

"मग दर वर्षी रंगवता कशाला, मेल्यांनो?"

डॅरिलने मान खाजवली. "तुला बरं वाटतं म्हणून. क्लेम गेल्यावर आम्ही ठरवलं, यंदा थांबवलं तर तुला वाटेल त्याला विसरलो. मग पुढच्या वर्षी कसं थांबवणार?"

"आणि मी तुम्हाला भिंत लागते म्हणून खिडकी पाडत नव्हते!"

आंटी रोमा जी हसायला लागली ती थांबेना. तिला बघून मागचे हसले, मग सगळाच हॉल. नोलीन हसावं की रडावं अशी उभी, आणि शेवटी हसलीच. तेवढ्यात समितीतल्या कोणाला तरी आठवलं की सगळ्यांच्या नव्हे, विल्फच्या बोटीत पडदा नाही. 'माझी बोट, माझं डोकं' म्हणून त्याने तो कधी बसवूच दिला नव्हता.

"विल्फ, तू सांग बाबा. तुला लागते का भिंत?"

विल्फ मागे दाराशी उभा होता. सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. नोलीनचीही.

"मला?" तो म्हणाला. "मी डोळे मिटून येतो. पाड बाई खिडकी. दोन पाड."

मिरांडा तेवढ्यात चाचरत म्हणाली, की तिने पुलाबरोबर भिंतीचंही नाव वर सुचवायचं ठरवलं होतं, पारंपरिक खूण म्हणून, आणि तसं झालं तर भिंतीला हात लावायला परवानगी—

"सुचवा की," नोलीन म्हणाली. "खिडकीसकट सुचवा."

पूल राहिला. चालणाऱ्यांसाठी आणि गळ टाकणाऱ्यांसाठी, मोटारींना बंद, आणि उचलायचं यंत्र कायमचं जखडून. भिंतीचं नाव मिरांडाने कुठेच सुचवलं नाही. बाई समजूतदार.

खिडकी पाडायला वरच्या केळीच्या बागांतला जगदेव आला. गावात त्याला सगळे जॅग म्हणतात. सुतारकाम त्याच्यासारखं आमच्याकडे कोणाचं नाही. त्याने कॅलेंडर काढलं, खालचा पेन्सिलीचा चौकोन पाहिला, टेप लावली आणि म्हणाला, "हे कोणी आखलंय? सरळ आहे की."

"नवऱ्याने."

"मग यावरच कापतो."

दुपारपर्यंत तुकडा निघाला आणि उजेड आत आला. नोलीनला वाटलं होतं, आपण आधी पूल बघू. तिने आधी शेगडीची बाजू पाहिली. मग कपाटाच्या वरची कड. मग पडवळासारखी लोंबणारी जळमटं. "अरे देवा," ती म्हणाली, आणि बादली भरून घासायला बसली. जॅगने काच बसवली, पैसे घेतले, दोन सँडविच खाल्ले, निघून गेला, तरी ती घासतच होती. संध्याकाळी पाठ धरली तेव्हा ती खुर्चीत टेकली आणि वर पाहिलं.

दोन मनोरे, मध्ये पाणी, पाण्याच्या टोकाला समुद्र. एवढंच. ती अंधार पडेपर्यंत बसली. जेवायला पावाला लोणी लावलं तेसुद्धा तिकडे बघत, ते बोटाला लागलं.

पुढच्याच आठवड्यात एका दुपारी तिने विल्फची बोट पाहिली. निळी, जुनी, सगळ्यांना ओळखू येते. ती दांड्यावर होती. ओहोटीला पाणी निघून गेलेलं, बोट एका कुशीवर कललेली, आणि विल्फ तिच्या काठावर टोपी घालून बसलेला. भोवती पेलिकन पक्षी वाळूत हिंडत होते, जणू तोही त्यांच्यातलाच. धक्क्यावर पाचसहा माणसं होती आणि सगळी दुसरीकडे बघत जाळी झटकत होती. बोट वाळूवर चढलेल्या माणसाकडे आमच्याकडे कोणी बघत नाही. भरती येते, माणूस घरी येतो, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

दुकानातून रोमाचा फोन आला. "नोल, बाहेर बघू नकोस."

"मला दिसतंय."

"मग दिसू नको देऊस."

"खिडकी आहे गं ती, रोमा."

भरती येईपर्यंत नोलीनने चार वेळा चहा केला आणि चारही वेळा ओतून दिला. हॉलमधलं 'दोन पाड' तिला आठवत होतं. विल्फच्या बोटीत पडदा नव्हता, त्याला भिंत होती, आणि ती भिंत तिने काढून घेतली होती. त्या माणसाने सगळ्या गावासमोर मान ताठ ठेवून ती देऊन टाकली होती, आणि आता तो पेलिकनांत बसला होता.

दुसऱ्या दिवशी तिने जाड पांढरं कापड आणलं, जॅगकडून वर एक दांडी बसवून घेतली, आणि खिडकीला बाहेरून गुंडाळता येईल असा पडदा केला. विल्फची बोट सकाळी गेलेली दिसली की ती दुपारी पडदा खाली सोडायची. भिंत पहिल्यासारखी सलग पांढरी. आत दिवा लावून बसायची. बोट धक्क्याला लागायची वेळ टळली की पडदा वर. असं दोन-तीनदा झालं. बोट दांड्यावर चढली नाही. नोलीनला बरं वाटलं, आणि थोडा रागही आला; कोणावर ते तिला सांगता आलं नसतं.

मग एके दिवशी दुपारी दारावर विल्फ आला. गमबूट दाराबाहेर काढून, मोज्यांनी आत आला, आणि हाताने खुर्चीची पाठ चाचपून बसला. पडदा खाली होता. दिवा लागलेला होता.

"चहा?"

"दे. तो पडदा कशाला सोडलायस?"

"ऊन येतं."

"पूर्वेच्या खिडकीत? दुपारी?"

नोलीनने दुधाचा डबा उघडला, मिटला.

"डॅरिल म्हणाला, तू माझ्यासाठी सोडतेस," विल्फ म्हणाला. "मी त्याला म्हटलं, ती इतकी येडी नाही."

"आहे मी येडी. तू सांगायचं होतंस हॉलमध्ये, की तुला भिंत लागते. मी नसती पाडली."

"मला नाही लागत."

"विल्फ, मी बघितलंय तुला दांड्यावर."

"ते बघितलंस. पण भिंत मला दिसतच नाही गं." त्याने कप दोन्ही हातांनी धरला. "बरीच वर्षं झाली. धुकं असतं नुसतं. मनोरे दिसायचे, काळे म्हणून. आता तेही कधी दिसतात, कधी नाही. तू खिडकी पाडलीस, पडदा लावलास, रंग गुलाबी केला असतास तरी मला पत्ता लागला नसता."

नोलीन समोर बसली. "मग येत कसा होतास?"

"डॅरिलच्या मागे. तो निघाला की निघायचं, तो वळला की वळायचं. त्याच्या बोटीचा आवाज गाढवासारखा आहे, चुकत नाही."

"त्याला माहीत होतं?"

"येडा आहे तो, पण इतका नाही. दांड्यापाशी आला की हळू व्हायचा. मी जवळ येईपर्यंत. कधी बोलला नाही, मीही नाही." विल्फने घोट घेतला. "त्या दिवशी त्याच्या पोरीचं नाटक होतं शाळेत. तो लवकर परतला. मला वाटलं, जमेल. नाही जमलं. एवढंच. तुझी खिडकी नाही, काही नाही."

"अजून जातोस?"

"बोट वर काढली आज सकाळी. विकीन, नाहीतर राहू दे. कोंबड्या ठेवता येतील त्यात. तुझ्याकडे पिल्लं असली तर सांग."

नोलीन उठली, बाहेर गेली, खुराड्याला वळसा घालून गेली आणि पडदा गुंडाळून वर बांधला. पुन्हा आत येऊन तिने दिवा बंद केला. विल्फ उजेडाकडे तोंड करून बसला होता.

"आता उघडी आहे?"

"आहे."

"काय दिसतंय?"

"पूल."

"पूल आहे ते मला माहीत आहे. मी म्हातारा आहे, बाहेरगावचा नाही. काय चाललंय ते सांग."

तिला असं सांगायची सवय नव्हती. ती खिडकीशी उभी राहिली. "पोरं उड्या मारतायत पुलावरून."

"मनोऱ्याच्या जवळून?"

"नाही, लांबून. मधून."

"मग ठीक. मनोऱ्याशी जुन्या खांबांचे खुंट आहेत खाली. अजून?"

"एक बाई गळ टाकून बसलीय. काही मिळालेलं नाही. ओहोटी लागलीय. दांडा वर आलाय थोडा."

"किती?"

"एक कुत्रा उभा राहील एवढा."

"हां. आणि?"

"बोट येतेय. डॅरिलची वाटते."

विल्फने कप खाली ठेवला. "कुठवर आलाय?"

"तोंडातून आत आला. आता दांड्यापाशी येतोय."

"हळू झाला?"

नोलीनने काचेला कपाळ लावलं. डॅरिलच्या मागे पाणी मोकळं होतं, पार समुद्रापर्यंत. दांड्याच्या टोकाशी त्याच्या बोटीचा फेस मंदावला, बसला, आणि बोट तिथे क्षणभर नुसती तरंगत राहिली.

"झाला," ती म्हणाली.